पोटरी आखडते तेव्हा

धानाच्या बांधीत चालणे हे डांबरी रस्त्यावर चालण्याहून फार वेगळे काम आहे. धुरा जेमतेम पाऊल मावेल एवढा, त्यात पावसाळ्यात निसरडा. बांधीत उतरल्यावर चिखलातून पाय उपसताना पाऊल घोट्यातून वर वळवावे लागते, नाहीतर बोटे चिखलात रुतून राहतात. लकवा मारून गेलेल्या माणसाला नेमके हेच जमत नाही. काही महिन्यांनी बोलणे सुधारते, काठीच्या आधाराने अंगणापर्यंत येता येते, पण एका बाजूचे पाऊल खाली झुकलेले आणि आत वळलेले राहते. टाच जमिनीला लागतच नाही. त्या पायातल्या चपलेची पुढची, बाहेरच्या बाजूची कड आधी झिजते आणि टाचेकडचा भाग नव्यासारखा राहतो. गोंदिया जिल्ह्यात परे उपटण्यापासून धान कापण्यापर्यंतचे बहुतेक काम पायांच्या भरवशावर चालते. तिथे न टेकणारी टाच म्हणजे घरातले एक कमावते माणूस शेतातून कायमचे उठणे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे दोन वर्षे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. दर शंभर मृत्यूंमागे चौदांहून अधिक मृत्यू त्याने झाले होते. शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार ही त्याची जुनी ओळख त्या आकड्यांनी पुसली. जे वाचतात त्यांच्यातल्या अनेकांचे अर्धे अंग आधी लुळे पडते आणि पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत हळूहळू कडक होत जाते. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांतही एक बाजू अशीच आखडते. वैद्यकात या अवस्थेला स्पास्टिक हेमिप्लेजिया म्हणतात. पायात तिचा सर्वांत मोठा भार पोटरी सोसते.

या पोटरीचे काय करायचे, हे आजवर बहुतेक ठिकाणी हातानेच ठरते. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट रुग्णाचे पाऊल धरून वर दाबतो, किती विरोध होतो ते अजमावतो आणि अ‍ॅशवर्थ मापनपट्टीवर आकडा देतो. ही पट्टी १९६४ सालची. १९८७ मध्ये तिच्यात एक पायरी वाढली. अजिबात कडकपणा नसेल तर शून्य, पाऊल हलतच नसेल तर चार. पट्टी सोपी आहे, फुकट आहे, आणि म्हणूनच जगभर टिकली आहे. पण हाताला लागतो तो एकूण विरोध, आणि तो दोन अगदी निराळ्या कारणांनी होतो. पहिले कारण मज्जासंस्थेतले. मेंदूचा लगाम सुटला की स्नायू ताणताच मज्जारज्जूतून उलटा झटका येतो आणि स्नायू आवळतो. जेम्स लान्स यांनी १९८० साली स्पास्टिसिटीची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे: ताण जितका वेगाने द्यावा तितका हा विरोध वाढतो. दुसरे कारण खुद्द स्नायूत असते. महिनोन् महिने आखूड अवस्थेत राहिलेला स्नायू आपली बांधणीच बदलतो, त्याच्यात चरबी आणि चिवट संयोजी ऊतक साचते आणि झोपेतही तो सैल पडत नाही. पहिल्यात आदेश चुकीचा असतो, दुसऱ्यात मांसच बदललेले असते. उपचार दोन्हींचे वेगळे आहेत.

दुसऱ्या कारणाकडे दीर्घकाळ फारसे कोणी पाहिले नाही, कारण स्पास्टिसिटी म्हणजे मेंदूचा आजार हे समीकरण पक्के बसले होते. त्याला धक्का दिला तो चालत्या माणसांवर केलेल्या मोजमापांनी. जर्मनीत डीट्झ, बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अर्धांगाच्या रुग्णांना चालवून पोटरीतले विद्युतसंकेत आणि टाचेच्या कंडरेवरचा ताण एकाच वेळी नोंदवला. रुग्णाच्या आखडलेल्या पायात ताण भरपूर वाढत होता, पण त्याला जोडीला हवेत तेवढे विद्युतसंकेत नव्हते. स्नायूला आदेश फारसा मिळतच नव्हता, तरी तो ताठत होता. याआधी, १९७२ साली, फ्रान्समधल्या ताबारी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पोटरीतला सोलियस स्नायू आखूड अवस्थेत प्लास्टरमध्ये बांधून ठेवला होता. काही आठवड्यांत त्याच्या तंतूंमधले आकुंचनाचे एकक, म्हणजे एकापुढे एक रांगेने असलेले सार्कोमिअर, सुमारे ४० टक्क्यांनी घटले. प्लास्टर काढून पाय हलू दिल्यावर ते परत वाढले. मांजराचा निरोगी स्नायू आणि माणसाचा लकव्यातला स्नायू एक नव्हे. माणसातल्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत तर सार्कोमिअर संख्येने कमी आणि वाजवीपेक्षा जास्त ताणलेले आढळतात. तरी एक गोष्ट निर्विवाद झाली: ठेवणीप्रमाणे स्नायू स्वतःला बदलतो, आणि हा बदल नुसते पाऊल वर दाबणाऱ्या हाताला झटक्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

सोनोग्राफीचा उपयोग इथे सुरू होतो. इयान डोनाल्ड यांनी ग्लासगोहून पोटातल्या गाठींची आणि गर्भाची ध्वनिचित्रे १९५८ साली प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर दहाच वर्षांत जपानमध्ये इकाई आणि फुकुनागा यांनी त्याच तंत्राने दंडाच्या स्नायूचा छेद मोजून त्याची ताकद काढली. म्हणजे स्नायू मोजण्याचे हे काम नवे नाही. पोटरीची तपासणी अशी होते. रुग्णाला टेबलावर पालथे झोपवतात, पावले कडेबाहेर मोकळी राहतात. घोट्याचा कोन मोजून नोंदवतात, कारण पाऊल थोडे जरी वर किंवा खाली झाले तरी आतली सगळी मापे बदलतात. गुडघ्यामागच्या घडीपासून बाहेरच्या घोट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून वरून सुमारे तीस टक्क्यांवर पेनाने खूण करतात. तिथे भरपूर जेल लावून लांबट, सपाट प्रोब टेकवतात. नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला की स्नायू खोटाच बारीक दिसतो. पडद्यावर आधी कातडीची पट्टी, मग चरबीचा थर, मग एक ठळक पांढरी रेघ, आणि तिच्याखाली पोटरीचा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्निमियस. निरोगी माणसात हा पट्टा काळसर असतो आणि त्यातून पांढऱ्या बारीक रेषा पिसाच्या तंतूंसारख्या तिरप्या उतरत खालच्या पांढऱ्या रेघेला मिळतात. त्या रेघेखाली सोलियस, आणि त्याहून खोल हाडाची चमकती कड. काळे ते मांस, पांढरे ते त्याला बांधणारे संयोजी ऊतक. तिरप्या रेषांची लांबी, त्यांचा कोन आणि पट्ट्याची जाडी ही तीन मापे इथल्या इथे घेता येतात. मग प्रोब तसाच खाली सरकवून स्नायू जिथे संपतो आणि कंडरा सुरू होते तो सांधा शोधायचा, आणि पाऊल हळूच वर करत तो सांधा किती सरकतो ते पाहायचे. स्नायू लांबतो आहे, की स्नायू जागच्या जागी राहून कंडराच ताणली जाते आहे, हे तेव्हा डोळ्यांसमोर घडताना दिसते.

आखडलेल्या पोटरीत हे चित्र बदलते. एक बाजू आखडलेल्या मुलांत गॅस्ट्रोक्निमियसचे मांसल पोट दुसऱ्या पायापेक्षा आखूड आणि आकारमानाने बरेच लहान, तर कंडरा लांब, असे एकाहून अधिक अभ्यासांत आढळले आहे. पक्षाघात झालेल्या प्रौढांतही तंतू आखूड आणि त्यांचे कोन बदललेले आढळले आहेत. रंगही बदलतो. मांसाच्या जागी चरबी आणि संयोजी ऊतक वाढले की पट्टा काळ्याचा राखाडी, राखाडीचा पांढुरका होतो, रेषा धूसर होतात आणि खालच्या हाडाची कड नाहीशी होऊ लागते. १९८२ साली लंडनमध्ये हेकमॅट यांनी मुलांच्या स्नायुरोगांसाठी या पांढुरकेपणाच्या चार पायऱ्या पाडल्या. तीच पट्टी इटलीतल्या पिचेल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांच्या पोटरीला लावली. सर्वांना बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन दिले गेले. ज्यांचा स्नायू पांढुरका झाला होता त्यांना फायदा कमी झाला. त्याचे कारण उघड आहे. हे औषध मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला संदेश अडवते. ते मांसावर काम करते, पण मांसाच्या जागी जे चिवट ऊतक आले आहे त्याला संदेश लागतच नाही.

या सगळ्याचा गोंदियाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मोठ्या शहरातले हे चोचले आहेत, जिल्ह्याला आधी साधे व्यायाम तर मिळू देत, असा सूर यावर हमखास निघतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे: उपचार जिथे दुर्मीळ, तिथेच निवड अचूक हवी. मुंबईत एखादे इंजेक्शन वाया गेले तर रुग्ण तीन महिन्यांनी परत येतो आणि डॉक्टर दुसरा मार्ग धरतात. सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगावच्या आतल्या गावातून निघालेला माणूस आधी तालुक्याला, मग गोंदियाला, मग सुमारे १३० किलोमीटर रेल्वेने नागपूरला जातो. सोबत घरातले एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. बोट्युलिनम महाग आहे आणि त्याचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. पांढुरक्या, मांस गमावलेल्या पोटरीत ते टोचले तर त्या घराचे पैसेच नव्हे, उपचारांवरचा विश्वासही खर्ची पडतो, आणि पुढच्या वेळी ते घर नागपूरला जात नाही. उलट ज्याचे मांस शाबूत आहे, ज्याला फक्त झटका आवरायचा आहे, त्याला इंजेक्शनाऐवजी थेट शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तरी नुकसानच. कंडरा आधीच लांब झालेल्या पायात ती कापून आणखी लांबवली, तर टाच टेकते पण चालताना पुढे ढकलण्याचे बळ कमी होते. सोनोग्राफीचे यंत्र गोंदियात आहेच. २०१६ पासून जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नवे काही विकत आणायचे नाही, असलेल्या यंत्राचा प्रोब पोटरीवर ठेवायला शिकायचे आहे.

यावर सर्वांत विचार करण्याजोगा आक्षेप अनुभवी फिजिओथेरपिस्टांचा आहे. पाऊल एकदा झटकन आणि एकदा सावकाश वर करून पाहिले की दोन्ही कारणे वेगळी काढता येतात, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. तार्द्यू यांनी १९५४ पासून मांडलेली पद्धत हीच: झटकन केल्यावर जिथे पाऊल अडते आणि सावकाश केल्यावर जिथे पोहोचते, त्या दोन कोनांमधले अंतर म्हणजे मज्जासंस्थेचा वाटा. गुडघा सरळ आणि वाकवून पाहिला की गॅस्ट्रोक्निमियस दोषी की सोलियस, हेही कळते. ही तपासणी सोनोग्राफीच्या आधी झालीच पाहिजे. तिच्याशिवाय घेतलेल्या चित्राला अर्थ नाही. पण सावकाश हालचालीत पाऊल कुठे थांबते एवढेच तिने कळते. ते का थांबते, मांस किती उरले आहे, आखूड काय झाले आहे, मांसाचे पोट की तंतू, कंडरा किती लांबली आहे, हे तिला सांगता येत नाही. शिवाय कोनाचा आकडा तपासणाऱ्याच्या हाताबरोबर बदलतो, आणि जिल्हा पातळीवर तपासणारे हात दर बदलीला बदलतात. चित्र मात्र फाइलमध्ये राहते आणि पुढच्या डॉक्टरला पाहता येते.

चित्रही बदलत्या हाताच्या अधीनच असते, हा पुढचा आक्षेप, आणि तो पूर्ण मान्य करावा लागतो. यंत्राचा गेन वाढवला की निरोगी स्नायू पांढरा दिसतो. प्रोब तिरका धरला की कोन खोटा येतो. एका कंपनीच्या यंत्रावरचा करडेपणा दुसरीच्या यंत्राशी ताडता येत नाही. संशोधनातही एकमत नाही. मुलांमध्ये तंतू खरोखर आखूड होतात की फक्त मांसाचे पोट लहान होते, यावर २००२ नंतरच्या अभ्यासांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि त्यातला बराच फरक घोट्याचा कोन कसा धरला यावरून पडला आहे. म्हणून या तपासणीतून एकच आकडा काढून ‘इतक्या मिलिमीटरखाली शस्त्रक्रिया’ असा नियम करू नये. रुग्णाची तुलना त्याच्याशीच करावी: तेच यंत्र, तीच मापनरचना, तोच घोट्याचा कोन, सहा महिन्यांपूर्वीचे चित्र आणि आजचे. दुसरा पाय सोबतीला पाहावा, पण तो सर्वस्वी निरोगी आहे असे धरू नये. लकव्यानंतर चालणे कमी झाले की चांगल्या पायाचेही मांस झडते. इतकी बंधने पाळल्यावर जे कळते ते मर्यादित आहे, पण आज त्या जागी काहीच नाही.

कायद्याची गोष्ट निराळी आणि महाराष्ट्रात जास्त नाजूक. गर्भलिंग तपासणीवर देशात सर्वांत आधी कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ पासून तो अधिक कडक झाला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते नोंदणी नसलेल्या ठिकाणी ठेवता येत नाही, हलत्या यंत्रांवर आणखी निर्बंध आहेत, आणि ती कोणी चालवायची हेही ठरलेले आहे. परदेशात फिजिओथेरपिस्ट लहानसे यंत्र घेऊन रुग्णाच्या घरी जातात. तो मार्ग इथे बंद आहे. पोटरी पाहणाऱ्या उच्च वारंवारितेच्या प्रोबची लहर काही सेंटिमीटरच खोल जाते, गर्भ पाहण्याचे ते साधन नव्हे, तेव्हा स्नायूंसाठी सूट द्यावी, अशी मागणी करता येईल. ती करू नये असे मला ठामपणे वाटते. प्रोब बदलायला मिनिटही लागत नाही, आणि एकदा पडलेली फट कोणत्या कारणासाठी वापरली जाईल याचा अनुभव राज्याने घेतलेला आहे. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. अशा जिल्ह्याने तर हा कायदा सैल करण्याच्या वाटेला जाऊच नये. त्याची गरजही नाही. नोंदणी झालेल्या खोलीत, अधिकार असलेल्या डॉक्टरच्या हातून पोटरीची तपासणी आजही कायद्यात बसते. अडचण आहे ती रांगेची: रेडिओलॉजिस्टच्या दाराशी गरोदर स्त्रिया, पोटदुखीचे रुग्ण आणि अपघातातले जखमी बसलेले असतात, आणि पोटरीचे चित्र कोणालाच तातडीचे वाटत नाही. आठवड्यातला एक ठरलेला तास, आणि त्या वेळी फिजिओथेरपिस्टही खोलीत हजर, एवढी सोय झाली तर त्याचा कोन आणि डॉक्टरचा प्रोब एकाच पायावर एकत्र येतील. दोघांपैकी एकट्याने केलेली तपासणी अर्धीच राहते.

आणखी एक शंका उरते आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. स्नायूच बदलला आहे असे कळले, तर पुढे करायचे काय? वर्षानुवर्षे सांगितले जाणारे ताणण्याचे व्यायाम इथे फारसे कामाला येत नाहीत. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यानुसार मेंदूच्या आजारांत काही महिने नुसते ताणल्याने सांध्याच्या हालचालीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मग चित्र कशाला, असा प्रश्न निघतो. पण चित्राचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे असे मला वाटते. स्नायू गेला आहे हे कळले की रोज अर्धा तास पाऊल ओढत बसणाऱ्या बायकोला किंवा आईला ते निष्फळ काम थांबवून दुसरे काही सुचवता येते: टप्प्याटप्प्याने प्लास्टर, चपलेत बसणारा स्प्लिंट, उरलेल्या मांसाला बळ देणारे व्यायाम, किंवा शेवटी शस्त्रक्रिया. मांस शाबूत दिसले तर वेळ दवडू नये, कारण तेच दिवस उपयोगाचे असतात. आणि बोट्युलिनम दिलेच, तर त्यानंतर स्नायू आणखी बारीक होतो आहे का यावरही नजर राहते. वारंवारच्या इंजेक्शनांनी मांस घटते अशी चिंता अलीकडच्या संशोधनात व्यक्त झाली आहे.

मुलांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न अधिक तीव्र आहे. हाड वाढते आणि त्याच्याबरोबर स्नायूला लांबावे लागते. आखडलेली पोटरी मागे पडते आणि दर वर्षी ते अंतर वाढते. दोन ते पाच वर्षांच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांतच पोटरीचे मांस समवयस्कांपेक्षा लक्षणीय कमी आढळले आहे. त्या वयात पाऊल अजून हाताने सरळ होते, म्हणून हाताच्या तपासणीला काही गंभीर वाटत नाही. पूर्व विदर्भात यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची भर पडते. सिकलसेल असलेल्या मुलाला पक्षाघात होऊ शकतो, आणि तो झाला की हीच पोटरी, हीच न टेकणारी टाच. पण तो बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि तोही सोनोग्राफीच्याच मदतीने. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आढळलेल्या मुलांना नियमित रक्त दिले, तर पहिल्या पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटतो, हे अमेरिकेतल्या १९९८ च्या चाचणीने दाखवले. भारतीय मुलांत सिकलसेलचा प्रकार थोडा सौम्य असतो, धोका कमी असतो, पण नसतो असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि सिकलसेल दोन्ही आहेत, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते. त्या तपासणीत एका पायाच्या चवड्यावर चालणारे मूल सापडले, तर त्याच्या पोटरीचे पहिले चित्र त्याच वर्षी घेता येईल. पाचव्या किंवा सातव्या वर्षी डॉक्टर पुन्हा प्रोब ठेवील तेव्हा ताडायला ते हाताशी असेल.